लवंग जरा जास्त

हेमराजनं अंगठा जिभेला लावला आणि करुणानं दिलेला पांढरा तुकडा चिमटीत चोळला. तुटलेला धागा जोडताना कोष्टी असाच अंगठा ओला करतो, आणि हेमराजच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू कुठं ना कुठं तुटलेलीच होती.

"याले ना ताणा, ना बाणा," तो लेकीला म्हणाला. "कोळी बी यापेक्षा मेहनत घेते."

"बाबा, वास घ्या."

"घेतो ना. मशीन किती करंट खाते म्हणे?"

"वीस हजार व्होल्ट."

"एवढ्यात गावाची चक्की चालली असती. अन् तू जाळं विणून राहिली."

नागपूरच्या प्रयोगशाळेत करुणा सुईतून पॉलिमरचं द्रावण सोडी. विजेच्या ओढीनं त्याचा केसाहून कितीतरी बारीक तंतू होई आणि समोरच्या फॉइलवर साचे. त्या तंतूंत सायक्लोडेक्स्ट्रिन मिसळलेलं असे. स्टार्चपासून बनणारी ही सूक्ष्म कडी, आतून पोकळ. पोकळीत वासाचा रेणू बसवला की तो पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो आणि ओल लागेपर्यंत सहसा उठत नाही. हे सगळं जखमेवरच्या पट्टीसाठी चाललंय, असा तिच्या सरांचा समज होता. तो निम्मा खरा होता.

उरलेला निम्मा दर इतवारी आंधळगावच्या घरी, बापाच्या हातमागाच्या खोलीत तपासला जाई. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हेमराज आणि रुखमिणी एकाच गाडीतून दवाखान्यात गेले. रुखमिणी परत आली नाही. हेमराज आला, तो वासाची जाण तिथंच ठेवून. पुढं वास पुन्हा येऊ लागल्याचं त्यानंच सांगितलं. खात्री करून घ्यायला घरात कुणी उरलं नव्हतं.

रुखमिणीच्या लुगड्यांतला वास वर्षभरात उडून गेला. करुणाला आठवत होती ती आईच्या दुखऱ्या दाढेखालची लवंग आणि पेटीतला कापूर. बाकी काय ते हेमराजलाच माहीत. म्हणून ती लवंगेचं तेल आणि कापूर कमीजास्त करून तंतूंत भरी आणि बसनं घेऊन येई. एकदा हुंगून तो म्हणाला होता, "हे तं शेजारची रंभाबाई आहे." एकदा म्हणाला, "हे तुझी मायच आहे, पण रागात असतानाची." करुणानं त्या रागावर महिनाभर काम केलं होतं.

आज हेमराजनं डोळे मिटले. तुकडा नाकाशी धरून तो बराच वेळ बसला. करुणा रिकाम्या पाकिटाशी चाळा करत होती. पाकिटाच्या कोपऱ्यात तिला निळा ठिपका दिसला.

निळा ठिपका म्हणजे कोरा नमुना. तुलनेसाठी प्रत्येक खेपेला तसा एक करावा लागतो. तंतू तेच, कड्या त्याच, आत कुणी नाही. बस पकडायच्या गडबडीत तिनं नेमका तोच उचलला होता. त्याला कसलाच वास नव्हता. ती हसून सांगणार, एवढ्यात हेमराजनं डोळे उघडले. डोळे ओले होते.

"लवंग जरा जास्त झाली," तो म्हणाला. "बाकी जवळ येऊन राहिलं. कापूर तं अगदी तिचाच."

आतून दूध करपल्याचा वास आला. मग चांगलाच आला. हेमराज तुकडा हुंगतच होता. ती उठली, गॅस बंद केला, काळं पातेलं मोरीत ठेवलं आणि खिडकी उघडली.

"काय झालं वं?" हेमराजनं बाहेरून विचारलं.

"काही नाही. मांजर होती."

"रंभाबाईची असन. लय लाडावली आहे."

ती दाराशी येऊन उभी राहिली. "बाबा, अजून किती दिवस लागतीन याले?"

हेमराज हातमागाच्या खड्ड्यात उतरला होता. "घाई काहून करून राहिली? एकदा जमून गेलं, का मंग इतवारी तू..." पुढचं तसंच ठेवून तो वाकला आणि ताण्यात तुटका धागा शोधू लागला. ताणा सगळा धड होता.

करुणानं अंगठा जिभेला लावला आणि पाकिटावरचा निळा ठिपका पुसून काढला.

"पुढच्या इतवारी लवंग कमी करून पाहू," ती म्हणाली.

"थोडीशीच," हेमराज वर न पाहता म्हणाला. "एकदम नको काढू."