झिपऱ्याचं वजन

मेंढरांना जंताचं औषध पाजायचं म्हटलं की त्या घरात सकाळपासून कुरबुर सुरू. सून एकेक मेंढी गुडघ्यांत दाबून धरायची, सासरा जबड्यात नळी सारून औषध सोडायचा, आणि मेंढ्यांपेक्षा या दोघांचाच आवाज जास्त.

शेवटची मेंढी सुटली तरी बाटलीच्या तळाशी औषध उरलंच. म्हाताऱ्याची नजर फाटकापाशी पसरलेल्या झिपऱ्या कुत्र्याकडे गेली. कळपाला राखणदार तो एकटाच. तो होता म्हणून लांडग्याची भीती नव्हती आणि सुनेला डोळा लागत होता.

"याला पण धर."

"आबा, ते मेंढ्यांचं आहे. कुत्र्याचं वेगळं असतं. डॉक्टर म्हणाले होते, वजन करून आणा, मग देतो."

"वजन कशाला करायचं? जन्म गेला माझा जनावरं पारखण्यात. हा चांगला एका मेंढीएवढा भरेल. आणि जंतांना काय ठाऊक, आपण कोणाच्या पोटात बसलोय ते?"

"पण आबा..."

"उघडलेली बाटली फेकून देऊ का मग? धर म्हणतो ना."

तिनं धरला. दुसऱ्या कोणाला त्यानं तोंडाला हात लावू दिला नसता.

दुपार कलली तशी झिपऱ्याच्या मागच्या पायांची चाल बिघडली. तोंडातून लाळ गळायला लागली. रोजचं फाटक, पण तो खांबावर जाऊन आदळला. सुनेनं त्याला हातगाडीवर घातलं, बाटली उचलली आणि तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी बाटली वाचली. "किती पाजलंत?"

"उरलं होतं तेवढं."

"वजन किती याचं?"

"आबा म्हणाले, मेंढीएवढा भरेल."

"अहो, हे मेंढ्यांचं औषध, कुत्र्याला याचा थेंबही जास्त होतो. त्यात राखणीच्या काही जातींच्या मेंदूत हे थेट शिरतं. याला उतारा नाही. सलाईन लावतो, पुढं त्याचं नशीब."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातच झिपऱ्या गेला. तिनं त्याला पोत्यात गुंडाळून घरी आणलं. रडायला यायला हवं होतं, पण तिला नुसता राग येत होता, म्हाताऱ्याचा आणि त्याहून जास्त स्वतःच्या हातांचा.

म्हातारा फाटकापाशीच उभा होता. "मी नेतो त्याला," म्हणाला आणि जोर लावायला पाय रोवून वाकला. पोतं झटक्यात वर आलं. तो तोल जाऊन मागं सरकला.

"सूनबाई, एवढाच होता हा?"

"सगळे केसच होते आबा."

दारात लोकर जोखायचा काटा टांगलेला होता. म्हाताऱ्यानं पोतं त्याच्या आकड्याला अडकवलं. काटा मेंढीच्या निम्म्यावरही गेला नाही. त्यानं डोळे चोळून पुन्हा पाहिलं, मग पोत्याखाली हात घालून ते अलगद उतरवलं, जणू झिपऱ्याला लागेल.

सुनेच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. तिनं कुदळ घेतली आणि त्याच्या मागोमाग चालायला लागली.