कपाटातला लेसर

नगरच्या आमच्या कॉलेजात १९७१ साली लेसर आला आणि पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख मच्छिंद्र ढोकणे सर जमिनीवरून चालायचेच बंद झाले. उद्घाटनाला आमदार आले. त्यांनी यंत्राला हार घातला, बटण दाबलं, भिंतीवर लाल ठिपका उमटला, टाळ्या पडल्या. मग सरांनी यंत्र कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

दोन वर्षांनी आमच्या वर्गाला प्रकल्प करायचे होते. श्रीगोंद्याची विजयमाला खेतमाळीस ही सरांकडे विषय घेऊन गेली. लेसरच्या झोतात केस धरायचा आणि पडद्यावर उमटणाऱ्या पट्ट्यांवरून त्याची जाडी काढायची.

"सरकारनं हे यंत्र तुमच्या वेण्या मोजायला दिलंय का?" सर म्हणाले.

"मग उसाच्या रसातली साखर मोजू, सर?"

"आणि रस सांडला म्हणजे?"

शेवटी सरांनीच सगळ्यांना एक विषय दिला: 'लेसर आणि मानवजातीचे भवितव्य'. पुस्तकातून उतरवायचं, अक्षर सुवाच्य हवं. आम्ही मुकाट्याने उतरवलं. भवितव्य सगळ्यांचं शब्दशः सारखंच निघालं.

विजयमाला संतापली होती. तिने दोन काचांच्या मध्ये एका कडेला केस ठेवला, जुन्या सोडियम दिव्याचा पिवळा उजेड टाकला आणि सूक्ष्मदर्शकातून काळ्या रेघा मोजून जाडी काढलीच आणि त्याचाच अहवाल लिहून दिला.

मार्चमध्ये पुण्याहून तपासणी समिती आली. सरांनी कपाट उघडलं, धूळ झटकली, बटण दाबलं. ठिपका उमटेना.

"व्होल्टेज कमी आहे," सर म्हणाले.

समितीतल्या वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, "शेवटचा कधी लावला होता?"

"उद्घाटनाला!" सर अभिमानाने म्हणाले.

"अहो, नळीतला हेलियम हळूहळू झिरपून जातो. नुसता ठेवला तरी संपतो."

सरांचा चेहरा पडला. मग त्यांना समोर विजयमालाचा अहवाल दिसला आणि राग काढायला जागा सापडली.

"एवढा लेसर असताना हिच्या प्रकल्पात तो कुठंय?"

"तुमच्या कपाटात, सर," विजयमाला म्हणाली.

सरांनी तिला जेमतेम पास केलं. महिनाभराने समितीचा शेरा फलकावर लागला: 'उपकरणांची निगा उत्तम.' सरांनी त्याखाली लाल शाईने रेघ ओढली होती. विजयमालाने तो वाचला आणि ती व्हरांड्यात इतक्या मोठ्याने हसली की सर वर्गातून बाहेर आले. तरी तिचं हसू थांबेना.