स्वल्पविरामानंतरची डॉक्टर

आमच्या कोशित्से शहरात पदवी नावाच्या आधी लागली तर माणसं ती तोंडाने म्हणतात. नावानंतर, स्वल्पविरामापलीकडे लागली तर ती फक्त दारावरच्या पाटीवर राहते. त्या स्वल्पविरामाने माझा जन्म खाल्ला.

माझ्या नावाआधी 'इंजिनियर' आहे. नावानंतर पीएच.डी. आहे, तिच्यासाठी मी कित्येक वर्षं पोलादाला तडे कसे जातात ते बघत बसले आणि जाडजूड प्रबंध लिहिला. माझी धाकटी बहीण व्लास्ता हिने एम.ए.नंतर चार पानं जास्त लिहिली आणि एक तोंडी परीक्षा दिली. त्या पदवीला आमच्याकडे छोटी डॉक्टरकी म्हणतात, पण ती लागते नावाआधी. झालं. पोस्टमन, खाटीक, शेजारीण, सगळ्यांची ती डॉक्टरीणबाई. मी इंजिनियरबाई.

तेही सोसलं असतं, पण आईसुद्धा तसंच करते. रविवारच्या कोंबडीच्या सूपमधली कलेजी पूर्वी बाबांच्या ताटात जायची. बाबा गेले आणि त्याच वर्षी व्लास्ता डॉक्टर झाली, तेव्हापासून कलेजी तिची. पन्नाशी उलटलेल्या बाईने कलेजीच्या तुकड्यावरून जळावं हे शोभत नाही. मी जळते.

गेल्या रविवारी माझ्या कामातले ओळखीचे, ग्राझचे प्राध्यापक लेख्नर आमच्या घरी जेवायला आले. ऑस्ट्रियाचा माणूस, कुणाला काय म्हणायचं ते चुकलं तर त्याला घास उतरत नाही. दारावरची पाटी बघून तो तिथेच थांबला. "ही नंतरची अक्षरं कसली? आणि बहिणीची आधीची?" मी खरं तेच सांगितलं, जरा सविस्तर.

टेबलाशी बसताच तो माझ्याकडे वळून वाकला, "फ्राऊ डॉक्टर." मग व्लास्ताकडे, "फ्राऊ मागिस्टर," म्हणजे नुसती एम.ए.बाई.

व्लास्ताला जर्मन येतं. आईला येत नाही, पण 'डॉक्टर' कळतं. ती म्हणाली, "अगं ओत्का, चुकला बिचारा. सांग त्याला, डॉक्टर ती आहे."

मी सांगितलं. तो बराच वेळ बोलला. व्लास्ता चमचा धरून बसून राहिली.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

गप्प बसता आलं असतं. 'सूप छान झालंय म्हणतो' असं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण या वाक्याची मी फार वाट पाहिली होती. मी शब्द न् शब्द सांगितला, "त्यांच्या देशात व्लास्ताची डॉक्टरकी धरत नाहीत. तिकडे ती एम.ए. या टेबलावर खरी डॉक्टर मी."

व्लास्ताचे कान लाल झाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आईने पळी पातेल्यात फिरवली, कलेजी वर काढली आणि विचार करत तशीच धरून ठेवली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"म्हणजे तू ऑस्ट्रियात डॉक्टर."

"हो, आई."

"चांगलं झालं. माझ्या दोघी मुली डॉक्टर म्हणायच्या." तिने कलेजी व्लास्ताच्या ताटात सोडली. "ही इथली. आणि आपण जेवतोय इथे."

"काय म्हणाल्या?" लेख्नरनी विचारलं.

"सूप गरम आहे म्हणाली," मी म्हटलं.

व्लास्ताने माझ्याकडे पाहिलं. सुरीने कलेजीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या ताटात सरकवला. "घ्या, डॉक्टरीणबाई," ती हळूच म्हणाली. तिने मला आजवर असं कधी म्हटलं नव्हतं, आणि आवाजात टोमणा नव्हता.

माझे डोळे भरून यायला हवे होते. मी तुकडा तोंडात टाकला आणि तिच्या ताटातला मोठा आहे का ते बघत बसले.