'माझं' म्हणायची खोड

निकानोरला सगळंच 'माझं' म्हणायची खोड. शेळ्या माझ्या, कुंपण माझं, पाण्याची टाकीही माझीच. टेक्ससच्या त्या माळावर एक धोंडासुद्धा त्याच्या नावावर नव्हता. ग्वाटेमालाहून आला तेव्हापासून देशात राहायचा परवानाही नव्हता. म्हातारे मालक वेंडेल चिडवायचे, "अरे, मग मी कुणाचा?"

"तुम्हीही माझेच की!"

शेळ्या विण्याच्या दिवसांत कोयोट, म्हणजे तिथले रानकोल्हे, करडं पळवू लागले. 'करडं तुझी ना, मग राख,' म्हणून वेंडेलनीच बंदूक त्याच्या हातात दिली. पुढे ईस्टरच्या सुमारास म्हातारा गेला आणि बंदूक निकानोरकडेच राहिली.

एका सकाळी त्याने कोयोटावर गोळी झाडली. शेजारी नवा, तक्रारखोर. लगेच पोलीस दारात.

"बंदूक कुणाची?"

"माझी."

दारात उभी त्याची बायको ओतिलिया मनातल्या मनात ओरडली. अहो, मालकांची म्हणा ना! पण मेली सवय, तोंडातून निघून गेलं ते गेलंच.

देशात राहायचा परवाना नसलेल्यानं बंदूक बाळगणं हाच तिथं गुन्हा. कोर्टात त्याच्या वकीलबाई तावातावाने भांडल्या. "शस्त्र बाळगायचा हक्क राज्यघटनेनं लोकांना दिलाय. इतकी वर्षं इथं राबलेला, इथं जन्मलेल्या मुलीचा बाप, हा लोकांत मोडत नाही?"

जज शांतपणे म्हणाले, "त्या ओळीतल्या 'लोकां'त विनापरवाना राहणारे येत नाहीत. वरच्या कोर्टानं तसं ठरवलंय."

बाहेर आल्यावर ओतिलिया संतापली. "लोक नाही, तर आम्ही काय शेळ्या?"

वकीलबाईंनी मान खाली घातली. "मालकांची म्हणाले असते तरी गुन्हाच होता, हातात होती ना. पण 'माझी' म्हटल्यावर मला बोलायला जागाच उरली नाही."

शिक्षा झाली. ती संपली की थेट ग्वाटेमालाला रवानगी. बायको आणि लेक मात्र इथंच.

ओतिलिया तुरुंगात भेटायला गेली. मध्ये काच, कानाला फोन. तांबड्या शेळीला जुळी झाली, हे कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं.

त्यानंच विचारलं, "मालकांच्या शेळ्या बऱ्या आहेत ना?"

तिला कळेचना. "कुणाच्या?"

"मालकांच्या."

तिला भडभडून आलं. "अहो, तुमच्या! तुमच्या शेळ्या बऱ्या आहेत."

निकानोरने दचकून पहारेकऱ्याकडे पाहिलं.

"हळू बोल, ओती," तो म्हणाला. "कुणीतरी ऐकेल."