सोडायची गाडी

रुसलेल्या माणसाने पिशवी भरून स्टेशनवर जायचं, घरच्यांनी मागोमाग येऊन "जाऊ नकोस" म्हणायचं, आलेली गाडी सोडून द्यायची आणि मिळून घरी परतायचं, अशी त्या वस्तीची रीत होती. गाडीत चढत कोणीच नसे. म्हणून तर रेल्वेने उपनगरातली ती छोटी लाइन बंद करून टाकली.

खरी पंचाईत पुढेच झाली. गाडीच नाही, तर सोडणार काय? आणि न सोडता परतणं म्हणजे नाक कापून घेणं. रुसलेले सगळे फलाटावर अडकले. एका सासूबाईंनी बाकाभोवती पडदा लावला, शिंप्याने तिकीटखिडकीत शिलाई मशीन मांडलं.

कुलूपवाल्याची बायकोही त्यांच्यातच. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. तो रोज डबा घेऊन जायचा.

"जाऊ नकोस गं."

"जातेय कुठे? गाडी येऊ द्या, मग म्हणा."

रिकामं घर त्याला खायला उठलं होतं. तो रेल्वेच्या ऑफिसात गेला.

"साहेब, एक गाडी सोडा."

"बसणार किती?"

"एकही नाही."

साहेबांनी चहा मागवला, स्वतःपुरता.

शेवटी कुलूपवाल्याने मालाच्या शेडचं कुलूप उघडलं, रूळ तपासायची जुनी ट्रॉली काढली आणि तोंडाने शिट्टी वाजवत, ढकलत ढकलत फलाटाला लावली.

"आली गं बाई एकदाची!" सासूबाई ओरडल्या.

घरोघरची माणसं धावत आली. "जाऊ नका, जाऊ नकोस"चा एकच गलका झाला. जो तो तोऱ्यात म्हणाला, "बरं, राहिली ही गाडी." बघता बघता फलाट रिकामा झाला.

बायको एकटीच उरली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि ट्रॉलीवर येऊन बसली.

"अगं, चढतेस काय?"

"मग काय करू? सगळ्यांची माणसं आली. मला अडवायला कोणीच आलं नाही."

"मी आहे की!"

"अहो, तुम्ही गाडी आहात."

तो ट्रॉली सोडून, हात जोडत फलाटाकडे धावला, माणूस व्हायला. पुढे रुळांना उतार होता. ट्रॉली हलली.

"जाऊ नकोस!" तो रुळांवरून जिवाच्या आकांताने पळत सुटला.

तिने पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून त्याच्यापुरती जागा केली.