महलगाची लाइन

दुपारची जेवणं आटोपून इराणातल्या किरमानची ती गल्ली पेंगायला लागली, की महलगा खानम मोडेमचं बटण दाबायची. आधी आकड्यांची टिकटिक, मग गळा आवळलेल्या कोंबड्यासारखी किंचाळी, मग शांतता. लाइन लागली! पन्नाशीला टेकलेली ती विधवा बाई पदर सावरावा तशी डोक्यावरची ओढणी मागे सारायची आणि संगणकावरच्या बुद्धिबळाच्या पटापुढे मांडी ठोकून बसायची.

पटाचं वेड जुनं होतं. क्रांतीनंतरच्या ज्या वर्षांत घरात पट बाळगायलाही बंदी होती, त्या वर्षांत ती आणि नवरा फरामर्ज दाराला कडी घालून खेळायचे. फरामर्ज गेला आणि समोरची बाजू रिकामी झाली. मग तिने संगणक घेतला, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून इंटरनेटचं कार्ड आणलं, आणि जगभरातले खेळाडू तिच्या खोलीत येऊन बसले.

पण चार महिने झाले, डाव रंगात आला की लाइन तुटायची. आणि तिथला नियम असा, की लाइन तुटली म्हणजे डाव गेला. परवा आर्मेनियातल्या येरेवानच्या एका खेळाडूचा वजीर तिने कोंडीत पकडला होता. लाइन तुटली. पुन्हा लावून बघते तर त्याचा निरोप: "हरायची वेळ आली की पळतेस होय, पळपुटे?"

"हरायची वेळ? माझी?" ती त्या पडद्यावरच ओरडली. जिंकत असलेला डाव गमावून वर पळपुटी! हा शब्द तिच्या जिव्हारी लागला.

दुसऱ्या दिवसापासून तिने कंबर कसली. आधी कार्डाच्या कंपनीला फोन केला.

"खानम, तुमच्या तारांत ओल शिरली असेल," तिकडचा माणूस जांभई देत म्हणाला.

"ओल? अहो, किरमानमध्ये पावसाचं तोंड बघायला आम्ही नवस बोलतो, आणि तुम्ही ओल म्हणता?"

"मग मोडेम बदला."

तिने मोडेम बदलला नाही. गच्चीवरचा पाण्याचा कूलर बंद करून घामाघूम होत खेळून पाहिलं. लाइन तुटली. फ्रिजची पिन काढली, मांस नासलं, लाइन तुटलीच. भिंतीपासून मोडेमपर्यंतची तार नवी घातली. मोडेमचा वेग मुद्दाम कमी केला, म्हणजे गोगलगायीसारखा चालेल पण धरून तरी राहील. तरी तेच.

मग एका दुपारी, घोडा कुठे टाकावा या विचारात ती गप्प बसलेली असताना, कोनाड्यातल्या फरामर्जच्या जुन्या काळ्या फोनची घंटी अगदी हलकेच किणकिणली. टिंग. आणि पडद्यावरचा डाव गोठला.

महलगाने दुसऱ्या दिवशी नुसते कान टवकारून ठेवले. टिंग. तुटली. तिसऱ्या दिवशीही टिंग, आणि लगेच तुटली. एकाच तारेवर दुसरीकडे कुणी फोन उचलला की ही घंटी अशी शहारते, हे ती नव्या नवरीच्या काळापासून जाणत होती. वरच्या मजल्यावर तेव्हा याच लाइनचा दुसरा फोन होता. पण फरामर्जनंतर थोरले दीर हशमतआगा स्वतःच म्हणाले होते, "आम्ही आमची वेगळी लाइन घेतली. वरचा फोन काढून टाकलाय."

तिने तारेचा माग काढला. जिन्याच्या भिंतीवर नव्या रंगाखाली एक बारीक उंचवटा सरळ वर गेला होता.

पुढच्या दुपारी तिने लाइन लावली, डाव उघडा ठेवला आणि अनवाणी जिना चढली. थोरली जाऊ एशरत खानम गालिच्यावर भाजी निवडत होती. तिने भुवया उंचावल्या. महलगाने ओठांवर बोट ठेवलं आणि अडगळीच्या खोलीचं दार ढकललं.

हशमतआगा गाद्यांच्या ढिगाआड उकिडवे बसले होते. कानाला फोन, चेहरा आंबट द्राक्ष चावल्यासारखा.

"काय म्हणतोय तो?" महलगाने विचारलं.

हशमतआगांच्या हातून फोन निसटला. "मी... मला डॉक्टरांना फोन..."

"तुमचा फोन दिवाणखान्यात आहे. हा तर काढून टाकला होतात ना?"

चोरी उघडी पडली तसे ते उलटे चढले. "बाई एकटी, आणि लाइन तासन्‌तास अडकलेली! कुणाशी बोलतेस? या घराची अब्रू मलाच राखायला हवी."

"मग इतके दिवस ऐकलंत ना? सांगा की, कुणाशी बोलते मी?"

"नुसती किंचाळी ऐकू येते," ते पुटपुटले.

दाराबाहेरून एशरत खानमचं हसू फुटलं. "चार महिने! झोपायला जातो म्हणून सांगता, आणि इथे यंत्राच्या किंचाळीत हिचा यार शोधत बसता?"

महलगा हसली नाही. तिने फोन उचलला, तार मनगटाला गुंडाळली आणि असा हिसका दिला, की खिळ्यांसकट भिंतीचा पोपडा निघाला.

"लाइन फरामर्जच्या नावावर आहे, तुझ्या नाही!" हशमतआगा गरजले. "उद्याच जाऊन कापायला लावतो!"

"जरूर लावा. कारण काय सांगाल? भावजयीचं बोलणं चोरून ऐकता येत नाही, हे?"

"आणि टेलिफोनवाले विचारायला आले, तर मी बोलेन," एशरत खानम शांतपणे म्हणाली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती भाजीच निवडत राहिली.

महलगाने येरेवानला निरोप धाडला: "पुन्हा खेळ. मी कुठेही जात नाही."

डाव संध्याकाळपर्यंत चालला. काळा फोन एकदाही किणकिणला नाही. शेवटी तिने घाईने एक घोडा भलत्याच घरात टाकला आणि हरली.

एशरत चहा आणि कोलुम्पे, म्हणजे खजूर भरलेली बिस्किटं, घेऊन खाली आली. "जिंकलीस?"

"हरले."

"मग दात का काढतेस?"

"घोडा मी घालवला, एशरतजान. माझ्या हाताने."

वर हशमतआगा मुद्दाम पाय आपटत चालत होते. लाइन कापायला ते दुसऱ्या दिवशी गेले नाहीत, त्यानंतरही नाहीत. महलगाने मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या खिडक्या उघडल्या, मोडेमचा आवाज होता तेवढा मोठा केला आणि बटण दाबलं.