डाव्या हाताची कात्री

अर्ज मी भरला होता, हे आधीच सांगून टाकते. माझं अक्षर चांगलं, म्हणून घरातले सगळे अर्ज माझ्याच गळ्यात पडतात. त्यातल्या अकराव्या रकान्यात विचारलं होतं, ‘कोणत्या हाताने लिहिता?’ मी लिहिलं, ‘उजव्या.’ खरंच होतं ते. त्या एका शब्दाने आमच्या तोंडचं पाणी पळवलं.

आमचे हे कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. नव्या शर्टाचा पहिला नमुना कापायचा तो ह्यांनीच, तोही यंत्राने नाही, हातातल्या कात्रीने. सगळा कारखाना मास्तर म्हणतो, म्हणून मीही मास्तरच म्हणते. भांडताना तर नक्कीच. चार महिन्यांपूर्वी कॉलर चिकटवायचं गरम प्रेस अवचित खाली आलं आणि मास्तरांचा डावा पंजा त्यात सापडला. कातडं भरून आलं, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं मिटत नाहीत. त्या हाताने चमचाही धरवत नाही.

कामावर इजा झाली की दर आठवड्याला भत्ता मिळतो. त्याचाच तो अर्ज. भत्ता मिळत होता, उगाच नावं ठेवणार नाही. मग गेल्या महिन्यात विमा कंपनीचं पत्र आलं. अर्जदाराचा मुख्य हात उजवा असून तो शाबूत आहे; एक तारखेपासून कटिंगच्या कामावर रुजू व्हावं, भत्ता बंद. मुख्य हात गेला असं धरलं असतं, तर दुसरं काम शिकून होईपर्यंत भत्ता चालू राहिला असता. आता मास्तरांनी त्याच टेबलाशी जाऊन उभं राहायचं आणि कापायचं. कशाने, ते पत्रात नव्हतं.

मास्तर जन्माचे डावखुरे. शाळेत गुरुजींनी बोटांवर पट्ट्या मारमारून उजव्या हाताने लिहायला लावलं, तेवढं एक लिहिणं उजवीकडे गेलं. बाकी दात घासण्यापासून खिळा ठोकण्यापर्यंत सगळं डावीकडून. लग्नानंतर वर्षभर जेवायला शेजारी बसलो की आमची कोपरं एकमेकांना लागायची. तीस वर्षं हे मला माहीत होतं, आणि तरी विचारलं तेवढंच लिहून मी मोकळी झाले. स्वतःच्या हुशारीचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मास्तर मात्र रागावले नाहीत. “एवढ्याशा रकान्यात तू तरी काय काय लिहिणार,” एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला उलट बोलता तरी आलं असतं.

त्या पत्राविरुद्ध आम्ही कामगार कार्यालयात दाद मागितली. सुनावणीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या हाताला आधाराची पट्टी बांधत होते. माझी कात्री सापडेना, म्हणून त्यांची घेतली. पट्टी पात्यांमध्ये नुसती दुमडली, कापली काही जाईना.

“मेली कात्री,” मी करवादले. “अगदी तुमच्यासारखी आडमुठी. तीस वर्षांत माझं एक काम केलं नाही हिने!”

मास्तर हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा. “अगं, ती डाव्या हाताची आहे. किती वेळा सांगू?”

मी कात्री उलटसुलट करून पाहिली. मग कात्री एका सुती फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली.

कार्यालयाच्या दाराशी पहारेकऱ्याने पिशवी तपासली. “ताई, कात्री आत न्यायची नाही.” मी पुष्कळ हुज्जत घातली, पण गडी हलेना. कात्री त्याच्या खणात गेली आणि माझ्या हातात आला पितळी बिल्ला, नंबर चौदा.

वरच्या खोलीत अधिकारी बाई होत्या आणि समोर विमा कंपनीचा साहेब. साहेब फार सभ्य होता, त्याचाच मला जास्त राग येत होता. त्याने हजेरीपटावरच्या सह्या दाखवल्या, सगळ्या उजव्या हाताच्या. मास्तर डाव्या हातानेच कापतात, असं कारखान्यातल्या अकरा जणांनी लिहून दिलेलं पत्र आम्ही पुढे केलं.

“मित्र आहेत. लिहिणारच,” साहेब हळूच म्हणाला.

बाईंनी मास्तरांना विचारलं, “कात्री धरून अंगठ्यावर घट्टा पडतो ना? तो डाव्या अंगठ्यावर आहे का?”

“होता, बाई. प्रेसमध्ये कातड्याबरोबर तोही गेला.”

बाईंनी पेन उचललं. मी बिल्ला टेबलावर ठेवला. “बाई, ह्यांची कात्री खाली दारावर अडकलीय. एकदा मागवा आणि स्वतः चालवून बघा. मग काय लिहायचं ते लिहा.”

बाईंनी शिपायाला पाठवलं. कात्री आली. बाईंनी ती उजव्या हातात धरली आणि फडक्याच्या कडेला लावली. फडकं दुमडलं. पुन्हा लावली, पुन्हा दुमडलं.

“बोथट असेल,” साहेब म्हणाला.

इतका वेळ मान खाली घालून बसलेले मास्तर ताडकन उठले. “बोथट? माझी कात्री?” त्यांनी ती बाईंच्या हातातून घेतली. सवयीने डाव्या हातात घेतली. अंगठा आपोआप कडीत गेला, आणि तिथेच राहिला. बोटं मिटेनात. कात्री तशीच उघडी राहिली. मला वाटलं, हे मी का करायला लावलं ह्यांना?

मग त्यांनी ती सोडवून माझ्यापुढे धरली. “तू धर. डाव्या हातात.”

“अहो मास्तर, मला कुठे जमणार?”

“अंगठा वरच्या कडीत घाल. मनगट सैल सोड. कात्रीकडे बघू नकोस, कापडाकडे बघ.”

मी कापलं. रेघ नागमोडी आली, पण फडक्याचे चक्क दोन तुकडे झाले. तीस वर्षांत पहिल्यांदा ती कात्री माझ्या हातात चालली आणि माझे डोळे भरून आले. बाईंनी दोन्ही तुकडे उचलून पाहिले, अर्ज उघडला, अकराव्या रकान्याखाली चार ओळी लिहिल्या आणि मोठ्याने वाचल्या. मुख्य हात डावा. जुन्या कामावर जाण्याचा आदेश रद्द. दुसरं काम शिकेपर्यंत भत्ता चालू.

“इथे सही करा,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी उजव्या हाताने सही केली, शाळकरी मुलासारखी, गोल गोल. साहेबाने पाहिलं आणि फाइल बंद केली.

जिना उतरताना मास्तर थांबले. माझा डावा हात त्यांनी उजव्या हातात घेतला. अंगठ्यावर कडीचा लाल वळ उठला होता, त्यांचा घट्टा होता तिथेच. त्यावरून त्यांनी हळूच बोट फिरवलं.

“घट्टा पडायला वर्ष जातं,” ते म्हणाले. “तोवर दुखेल हं.”